खाटेवर वाकलेले चेहरे

माणसांची एक सवय मला मनापासून किळसवाणी वाटते. समोर येऊन उभं राहायचं, दात काढायचे आणि विचारायचं, "ओळखलं का?" स्वतःचं नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही. आपण नुसतं उभं राहायचं आणि समोरच्यानं भर रस्त्यात परीक्षेला बसायचं. नांदेडात मी भाजी घेत असते, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कोथिंबिरीची जुडी, आणि कुणीतरी मिशीवाला पोट सावरत आडवा येतो. "मॅडम, वळखलं का?" मी कनिष्ठ महाविद्यालयात आयुष्यभर इतिहास शिकवला. माझ्या हाताखालून गेली तेव्हा या माणसांना मिशाही नव्हत्या आणि पोटंही नव्हती. मी सरळ "नाही" म्हणते. तर तो म्हणतो, "ताण द्या की जरा डोक्याला." का द्यायचा? तुझं नाव तुला पाठ आहे ना, मग सांगून मोकळा हो. पण नाही. त्याला त्याचं नाव माझ्या तोंडून ऐकायचं असतं, आणि ते नाही निघालं की बायकोकडे वळून "बघ, मॅडम विसरल्या" असं म्हणायचं असतं.

माझी आई याच्या अगदी उलट होती. मुखेड तालुक्यातलं आमचं गाव लहान. आठवडी बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरची माणसं आमच्या दारावरून जायची आणि आई ओट्यावर बसून त्यांना ओळखायची. कुणी विचारायच्या आधीच. "तू खालच्या आळीतल्या गवंड्याची नात न्हवं? कपाळ आजीवर गेलंय बघ." ज्या पोरीला तिनं जन्मात पाहिलं नसेल तिला ती कपाळावरून, चालीवरून, हसताना दिसणाऱ्या हिरड्यांवरून घरापर्यंत नेऊन सोडायची. आणि हे करताना तिनं कुणालाही कधी कोड्यात टाकलं नाही. उलट स्वतः कुठं गेली तर पाय आत टाकायच्या आधी आपलं नाव, गाव, कुणाची कोण ते सांगायची. तिनं ओळखलं की माणूस उगाचच ताठ चालायला लागायचा. ही ताठ चालण्याची चटक गावाला लागली होती, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या दिवाळीनंतर आईला लकवा मारला. उजवी बाजू गेली, तोंड एका अंगाला ओढलं आणि वाचा अडखळली. भावानं तिला गाडीत घालून नांदेडला आणलं. दवाखान्यात काकांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावानं, तिच्यावर वाकून पहिल्यांदा तो प्रश्न विचारला. "वैनी, मी कोण हाय? नाव घ्या बरं माझं." आईचे ओठ हलले, हनुवटीवरून लाळ ओघळली. आणि मग तिनं काकांचं लहानपणीचं, घरातल्या घरात घ्यायचं नाव घेतलं, जे आता तिच्याशिवाय कुणीच घेत नव्हतं. काका ढसाढसा रडले. मीही रडले. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी तो प्रश्न मला वाईट वाटला नाही.

पण काकांनी डोळे पुसले आणि लगेच फोन काढला. "वळखलं! वैनीनं वळखलं मला! दुसऱ्या कुणाला न्हाई, मलाच." संध्याकाळपर्यंत ही खबर गावभर झाली आणि तिथून माझ्या घराची वाट लागली.

व्यायाम घेणारे डॉक्टर नांदेडातच, म्हणून दवाखान्यातून सुटल्यावर आईला माझ्याकडे ठेवलं. पुढच्या खोलीत खिडकीशी तिची खाट टाकली. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला न जाणं म्हणजे वैर धरणं. त्यामुळे माणसं येणार हे मी धरूनच होते. कुणाची कोर्टात तारीख असायची, कुणाला मोंढ्यात धान्य विकायचं असायचं, कुणी गुरुद्वारा बघायला पाव्हणे घेऊन आलेलं असायचं. "आलोच हाव नांदेडला तर म्हणलं भेटून जावं." हातात ग्लुकोज बिस्किटांचा पुडा नाहीतर शहाळं. इथवर माझं काही म्हणणं नाही. चहा करून करून माझे हात दुखले, पण तेही जाऊ द्या.

मला शिसारी यायची ती पुढच्या गोष्टीची. माणूस चप्पल काढायचा, घाम पुसायचा आणि थेट आईच्या तोंडावर जाऊन वाकायचा. गुटख्याचा भपकारा तिच्या नाकावर. "काकू, वळखलं का?" नाव निघालं नाही की आवाज चढायचा. तिला लकवा झाला होता, बहिरी झाली नव्हती ती, पण हे ओरडायचे. "मी कोण हाय? सांगा बरं!" कुणी तिची हनुवटी धरून आपल्याकडे वळवायचं. कुणी गालावर टपटप मारायचं. एक बाई तर तिची पापणी बोटानं वर करून म्हणाली, "नजर हाय की हो अजून." जत्रेत बैल घेताना सुद्धा माणसं जरा अदब ठेवतात. आई डोळे मिटायची, मान फिरवायची, डाव्या हातानं तो हात बाजूला सारायची, आणि हे सगळं त्यांना दिसत असूनही दिसत नव्हतं. कारण ते तिच्याकडे बघतच नव्हते. तिच्या तोंडातून आपलं नाव निघतं का, एवढंच बघत होते.

आणि नाव निघालं की काय सोहळा! पुतण्याचं नाव निघालं, तर त्यानं आईच्या उशाशी डोकं टेकवून स्वतःचा फोटो काढला आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, मोठ्याआईनं ओळखलं. आईच्या ओढलेल्या तोंडाचा तो फोटो. तिला विचारलं असतं तर तिनं आधी पदर नीट करायला लावला असता. पुण्याहून कुणाची तरी सून फोनवर चेहरा दाखवायची आणि इकडून कुणीतरी तो फोन आईच्या नाकाला लावायचं. "हिला वळखलं का? लग्नात आली होती बघा, पिवळ्या साडीत." धडधाकट माणसाला आठवणार नाही, ते लकवा झालेल्या बाईनं सांगायचं.

ज्यांचं नाव निघायचं नाही त्यांचा राग निराळाच. मावशी, आईची पाठची बहीण, भोकरहून आली. तिनं दोन्ही हातांत आईचा चेहरा धरून विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं. आई तिच्याकडे टक लावून बघत राहिली, डोळ्यांत पाणी आलं, पण शब्द आला नाही. मला वाटलं, हे पाणी म्हणजे ओळखच की. मावशीला ते पुरेना. स्वयंपाकघरात येऊन ती मला म्हणाली, "दिराला वळखलं, पुतण्याला वळखलं, आन् सख्ख्या बहिणीला न्हाई? तूच काहीतरी सांगितलं असशील तिला." मी पोळ्या लाटत होते. लाटणं खाली ठेवलं आणि म्हटलं, "मावशी, तिला गिळताना ठसका लागतो. तिला काय सांगून ठेवू मी?" ती जेवली, आणि जाताना माझ्याशी न बोलता गेली.

आईला बोलायचे व्यायाम द्यायला एक तरुण बाई यायच्या. त्यांना मी हा सगळा तमाशा सांगितला. त्या म्हणाल्या, "आईंना माणूस कळतो, पण त्याचं नाव वेळेवर हाती लागत नाही. थकल्या, घाबरल्या की भलतंच नाव बाहेर पडतं. आणि कधीकधी खरंच कळत नसेल, तेही आपल्याला बाहेरून सांगता येत नाही. तुम्ही फक्त गप्पा मारा. काही विचारू नका." मी त्या दिवसापासून दारातच उभी राहायला लागले. प्रत्येकाला सांगायची, बसा, बोला, पण ओळखलं का असं विचारू नका. सगळे माना डोलवायचे. "न्हाई न्हाई, इचारत न्हाई. डाक्टरनं सांगितलं म्हणल्यावर कशाला इचारू?" आणि आत जाऊन, खुर्चीवर टेकायच्या आधी, "माय, मी कोण हाय?" मला त्या वेळी त्यांच्या मानगुटीला धरून जिन्यावरून खाली सोडावंसं वाटायचं. मी चहा टाकायची.

मी स्वतः तिला कधी विचारलं नाही. हा माझा नेम होता आणि मला त्याचा अभिमान होता. मी तिचं अंग पुसायची, डायपर बदलायची, वेणी घालायची, पातळ खिचडी भरवायची आणि आपण त्यातले नाही, असं मनात म्हणायची. येणारे जाताना म्हणायचे, "तुला तर वळखतच असंल." मी "हो" म्हणायची. पण आजारी पडल्यापासून आईनं माझं नाव एकदाही घेतलं नव्हतं. काकांचं घेतलं, पुतण्याचं घेतलं, भावाचं घेतलं, रोज दूध घालायला येणाऱ्या बाईचं सुद्धा एकदा घेतलं. मला ती "ए" म्हणायची. पाणी हवं असलं की ए, कूस बदलायची असली की ए. घरात ठेवलेल्या नर्सबाईलाही कुणी असंच म्हणेल. हे मी कुणाला सांगितलं नाही. भावालाही नाही.

मग एके दिवशी आमचे एक चुलतमामा आले. गावचे माजी सरपंच, पांढरे कडक कपडे, मागं फोन धरलेला ड्रायव्हर. भेटीचं चित्रीकरण करायचं होतं त्यांना. मी दारात माझं नेहमीचं वाक्य म्हटलं, त्यांनी ते ऐकून घेतल्यासारखं केलं आणि आत जाऊन खाटेच्या कडेवर बसले. ड्रायव्हरनं फोन वर धरला. मामांनी घसा साफ केला. "अक्का, मी आलाव. वळखलं का? नाव घ्या बरं, सगळ्यांना ऐकू जाऊ द्या."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. शांतपणे, अगदी नीट पाहिलं. आणि त्यांच्या थोरल्या भावाचं नाव घेतलं. हा भाऊ वर्षभरापूर्वी वारला होता. नाव इतकं स्पष्ट निघालं की ड्रायव्हरच्या फोनमध्ये सुद्धा ते पक्कं उमटलं असणार.

आमच्याकडे असा समज आहे की खाटेवरच्या माणसानं जित्या माणसाला मेलेल्याच्या नावानं हाक मारली, तर ती हाक ज्याला मारली त्याला लागते. मामांचा चेहरा उतरला. "अक्का, तो न्हाई, मी हाय मी," असं म्हणत त्यांनी आपलं नाव स्वतःच सांगितलं. बघा, सांगता येतं नाव! आईनं पुन्हा त्या मेलेल्या भावाचंच नाव घेतलं. मामा उठले. चहा नको म्हणाले. खाली गाडीत बसता बसता ड्रायव्हरला "ते डिलीट कर आधी" म्हणाले, ते मी गॅलरीतून ऐकलं. जाताना मारुतीला नारळ फोडून गेले, हे मागून कळलं.

पुढच्या आठवड्यात काका आले. आपलं नाव तर हमखास निघणार या खात्रीनं ते वाकले. आईनं त्यांना माझ्या आजोबांच्या नावानं हाक मारली. आजोबांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. काका मागं सरकले ते थेट भिंतीला टेकले. मग भोकरच्या मावशीची जाऊ आली, तिला आईनं विहिरीत जीव दिलेल्या एका बाईचं नाव दिलं. बस. एवढं पुरे झालं. "बाई मेलेल्यांची नावं घेऊन राहिली" ही खबर पहिल्या खबरीपेक्षा जोरात पसरली. माणसं यायची बंद झाली. जी आली ती दारातूनच हात जोडून, बिस्किटाचा पुडा माझ्या हातात कोंबून पळाली. हनुवटी धरणारे हात गेले, गालावर मारणारे गेले, फोन लावणारे गेले. ज्यांना तिच्या तोंडून आपलं नाव ऐकायचा एवढा सोस होता, त्यांना आता तिच्या तोंडाचीच भीती वाटायला लागली. त्यांच्या मायेची किंमत मला तेव्हा कळली आणि माझी उरलीसुरली भीडही गेली. मला तर असा आनंद झाला की मी त्या दिवशी शिरा केला.

घरात शांतता झाली. आई दुपारची झोपायला लागली, जेवायला लागली, डावा हात उचलून केस मागं सारायला लागली. आणि मला प्रश्न पडला. हे तिनं मुद्दाम केलं होतं का?

मुद्दाम केलं असेल, तर माझी आई आतमध्ये जशीच्या तशी होती. ओट्यावर बसून सगळ्या पंचक्रोशीला ओळखणारी. प्रत्येकाला नेमकं कोणाचं नाव टोचेल हे माहीत असणारी. आणि तसं असेल तर मला "ए" म्हणताना तिला ठाऊक होतं की आपण पोटच्या पोरीला हाक मारतोय. पण मुद्दाम केलं नसेल, व्यायामवाल्या बाई म्हणाल्या तसं नुसतंच भलतं नाव बाहेर पडलं असेल, तर मेलेली आणि जिती माणसं तिच्या डोक्यात एक झाली होती, आणि रोज तिचं अंग पुसणारी ही बाई कोण, हे तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं. मामा निघून गेल्यावर तिच्या तोंडाच्या डाव्या बाजूला हसू होतं असं मला वाटलं होतं. पण लकव्यानं तोंड असं ओढलं होतं की ती झोपेतही हसल्यासारखी दिसायची. त्यावरून काय ठरवायचं?

मी व्यायामवाल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही." मी भावाला विचारलं. तो म्हणाला, "तिची सेवा होऊन राहिली ना, मग तुला नाव घेऊन काय करायचंय?" बरोबर होतं त्याचं. त्याचं नाव तिनं घेतलं होतं, त्याला हे बोलणं सोपं होतं. मी आडवळणानं प्रयत्न केले. तिच्यासमोर फोनवर मुद्दाम माझं नाव घेऊन बोलले. माझ्या लहानपणच्या खोड्या सांगितल्या, की ती मध्येच काही म्हणेल. ती ऐकायची, खिडकीबाहेर बघायची. मला स्वतःचीच चीड यायला लागली. रिकाम्या खोलीत मी एकटी तिच्याभोवती घुटमळत होते आणि तिला ते कळत असेल तर काय वाटत असेल, हा विचार मी मनात येऊ देत नव्हते.

मार्चमधली एक दुपार. बाहेर ऊन तापलेलं, मी तिला दहीभात भरवत होते. ती चांगली जेवली. मी तिचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं. घरात कुणी नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, नीट, शांतपणे, जसं मामांकडे पाहिलं होतं तसं, आणि माझा धीर सुटला. मी वाकले. माझ्या तोंडाला मघाशी खाल्लेल्या दहीभातातल्या लसणीच्या फोडणीचा वास असणार. मी तिची हनुवटी धरली, खरंच धरली, आणि विचारलं, "आई, मला ओळखलंस का?"

ती ओठ जुळवायला लागली. मला वाटलं, आता माझं नाव येणार, आणि लगेच वाटलं, आता मेलेल्या आजीचं नाव येणार. ओठ दोनदा हुकले, तिसऱ्यांदा जुळले.

"तू बी का गं?" ती म्हणाली.

एवढं सबंध वाक्य ती आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच बोलली होती. तिनं डाव्या हातानं माझा हात हनुवटीवरून काढून बाजूला ठेवला, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मला जे जाणून घ्यायचं होतं ते सगळं मला कळलं होतं. ती मला ओळखत होती, रोज, पहिल्यापासून, आणि आता माझीही तिला किळस आली होती.